शुक्रवारी रात्री आठ ते नऊ

गेल्या पालकसभेला एक आई सर्वांत शेवटी थांबली. बाकीच्या गेल्यावर माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "टीचर, एक विचारू? चीनमध्ये म्हणे सरकारनंच पोरांचे गेम बंद केलेत. आठवड्याला फक्त तीन तास. आपल्याकडं असं का करत नाहीत? मी सांगून सांगून थकले. त्याचे अब्बू सौदीला. ते फोनवर ओरडतात. पण फोनवर ओरडून हातातला फोन सुटतो का?"

मी हसले, काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले आणि ती गेली. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. कारण खरे सांगायचे तर तिच्यासारखेच माझ्याही मनात अनेकदा आले आहे. वर्गात पहिल्या तासाला डोळे मिटणारी मुले पाहिली की वाटते, कोणीतरी वरून एकच हुकूम काढावा आणि हे सगळे थांबावे. म्हणून चीनमध्ये नेमके काय झाले हे नीट वाचायचे ठरवले. वाचायला बसले गेमबद्दल, आणि पोहोचले तिथल्या अब्जाधीशांपर्यंत. या दोन गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या आहेत.

त्याआधी थोडे घरचे सांगते.

माझी या खेळांशी पहिली ओळख नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी पाचवीत होते. मामू दुबईहून सुट्टीवर आले. त्यांच्या बॅगेतून खजूर, पावडरचे डबे, अम्मीसाठी कापड असे नेहमीचे निघाले आणि शेवटी एक खोका. त्यात करड्या रंगाचे यंत्र, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट. टीव्हीच्या मागे अँटेनाच्या जागी वायर जोडायची आणि चॅनेल फिरवत बसायचे. पडद्यावरच्या मुंग्या एकदम जायच्या, निळे आकाश यायचे आणि त्याखाली एक मिशीवाला बुटका माणूस पळू लागायचा. कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्यात जोरात फुंकर मारायची. पहिला रिमोट भाईजानच्या हातात, दुसरा चुलतभावाच्या. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा फुंकर मारण्याचेच काम यायचे!

आठवड्याभरात अब्बांनी "पिक्चर ट्यूब जाईल" म्हणून अडॅप्टर काढला आणि दुकानाच्या गल्ल्यात ठेवला. आम्ही अम्मीकडे तक्रार नेली. दोन दिवसांनी अडॅप्टर परत आला, पण मगरिबच्या अजानला बंद करायचे या अटीवर. आमच्या घरातली हुकूमशाही अशी होती. तिच्यात अपील चालायचे.

ते यंत्र मूळचे जपानी. निन्टेंडो कंपनीने १९८३ मध्ये 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाने ते काढले. पुढे त्याच्या स्वस्त नकला तैवान, हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बनू लागल्या आणि जगभर गेल्या. मामूंनी आणलेली तशीच एक नक्कल होती. त्याच वर्षांत चीनमधली मुलेही हाच मिशीवाला माणूस पळवत होती. पण त्यांच्या घरात हे यंत्र शिरले ते अभ्यासाचा बुरखा घालून.

ग्वांगतुंग प्रांतातल्या झोंगशान शहरात एक कंपनी होती. तिच्या मालाचे नाव 'श्याओबावांग', म्हणजे 'छोटा जुलमी राजा'. घरात दादागिरी करणाऱ्या लाडावलेल्या पोरालाही तिकडे हेच म्हणतात. कंपनीचा कारभार द्वान युंगफिंग नावाचा तरुण पाहत होता. १९९३ च्या सुमारास या कंपनीने जपानी खेळयंत्राच्या नकलेला टायपिंगचा कीबोर्ड जोडला आणि ते 'शिकण्याचे यंत्र' म्हणून बाजारात आणले. सोबत टायपिंग शिकवणारी कॅसेट. कॉम्प्युटर त्या काळी सामान्य चिनी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होता. हे यंत्र टीव्हीला जोडले की झाले. जाहिरातीला जॅकी चॅन. इथे एक गंमत आहे. जॅकी चॅनचे चिनी नाव 'छंग लुंग', म्हणजे 'ड्रॅगन होणे'. आणि मुलाने ड्रॅगन व्हावे, म्हणजे मोठे नाव काढावे, ही चिनी आईबापांच्या तोंडी असलेली जुनी म्हण. जाहिरातीने या दोन्हींची सांगड घातली. शहरातल्या बहुतेक घरांत त्या काळी सरकारी नियमानुसार एकच मूल. सगळ्या आशा त्या एकावर. आईबापांनी पैसे मोजले, मुलाने त्यांच्यासमोर दोन ओळी टाइप करून दाखवल्या, ते कामावर गेले, आणि कॅसेट बदलली गेली.

त्या पिढीतले चिनी लोक आज चाळिशीत आहेत, म्हणजे माझ्याच वयाचे. आपल्याला खेळ पहिल्यांदा कसा भेटला असे त्यांना विचारले तर अनेकजण याच कीबोर्डची आठवण काढतात. द्वान युंगफिंग १९९५ मध्ये ती कंपनी सोडून बाहेर पडला आणि त्याने 'बुबुगाव' नावाची दुसरी कंपनी काढली. ओप्पो आणि विवो हे फोन तिच्याच खानदानातले. म्हणजे आपल्या मोहल्ल्यात ज्या फोनपायी आया रडकुंडीला आल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच फोनांचे आजोबा ते 'शिकण्याचे यंत्र' आहे.

ज्यांच्या घरी यंत्र नव्हते ती मुले गल्लीतल्या गेमच्या दुकानात जायची. धातूची टोकन विकत घ्यायची, उभ्या मशिनीत टाकायची आणि मारामारीचे खेळ खेळायची. शाळेच्या वाटेवर असली दुकाने निघाली तशा तक्रारीही निघाल्या. मे २००० मध्ये 'ग्वांगमिंग डेली' या मोठ्या वृत्तपत्राने या खेळांना मुलांवर नेम धरलेले 'इलेक्ट्रॉनिक हेरॉइन' म्हटले. पुढच्याच महिन्यात सात सरकारी खात्यांनी मिळून आदेश काढला आणि देशात घरगुती खेळयंत्र बनवून विकण्यावर बंदी आली. परदेशी पाठवायला बनवले तर चालत होते! जगभरची मुले चिनी कारखान्यांत जोडलेली यंत्रे खेळत होती आणि तिथल्या मुलांना ती दुकानात अधिकृतपणे मिळत नव्हती. ही बंदी पूर्णपणे उठायला २०१५ साल उजाडले.

बंदीने खेळ थांबले असे झाले नाही. मुले इंटरनेट कॅफेत गेली. १६ जून २००२ च्या पहाटे बीजिंगमधल्या अशाच एका विनापरवाना कॅफेला आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज होते. आत रात्रभर खेळायला बसलेली मुले अडकली. २५ जणांचा मृत्यू झाला, बहुतेक विद्यार्थी. आग लावणारीही मुलेच निघाली. कॅफेवाल्यांशी त्यांचे भांडण झाले होते. बीजिंगमधले सगळे कॅफे काही काळ बंद झाले, देशभर कडक नियम आले. पण ज्या आईबापांची मुले गेली त्यांच्यासाठी या नियमांना काय अर्थ होता?

इथून खेळ आणि पैसा एकमेकांत गुंतत जातात. घरगुती यंत्रावर बंदी असल्यामुळे चीनमधला सगळा धंदा कॉम्प्युटरवर आणि पुढे फोनवर सरकला. त्याचा सर्वाधिक फायदा टेन्सेंट या कंपनीला झाला. शेन्झेन शहरात १९९८ मध्ये मा ह्वाथंग आणि त्याच्या चार साथीदारांनी ती काढली. आधी गप्पा मारण्याचे सॉफ्टवेअर, मग खेळ. बघता बघता कमाईच्या हिशोबाने ती जगातली सर्वांत मोठी गेम कंपनी झाली. आपल्या मुलांना वेड लावणारा पब्जी मोबाइल तिनेच एका कोरियन कंपनीबरोबर बनवला होता. सप्टेंबर २०२० मध्ये भारत सरकारने ११८ चिनी अॅप बंद केली त्यांत तो गेला. माझ्या वर्गातल्या मुलांनी त्या दिवशी अक्षरशः दुखवटा पाळला होता!

चीनमध्ये साम्यवादी पक्षाचे राज्य, आणि तरी एवढे श्रीमंत लोक कसे, असा प्रश्न आमच्या नववीच्या वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारतोच. १९७८ नंतर पक्षाने स्वतःच धोरण बदलले. काही लोक आधी श्रीमंत झाले तर चालतील, असे तंग श्याओफिंग यांनी जाहीर केले. या शतकाच्या सुरुवातीला उद्योजकांना पक्षाचे सभासदही होता येऊ लागले. पैसा कमवा, नाव कमवा, परवानगी आहे. पण ती परवानगी आहे, हक्क नाही. हा फरक अनेकांच्या ध्यानात बऱ्याच उशिरा आला.

सर्वांत गाजलेले उदाहरण जॅक मा यांचे. मूळ नाव मा युन. हांगझौमध्ये इंग्रजीचा शिक्षक. १९९९ मध्ये स्वतःच्या फ्लॅटमध्ये साथीदार जमवून त्यांनी कंपनी काढली आणि तिला नाव दिले अलिबाबा. जगात कुठेही गेले तरी 'खुल जा सिमसिम' लोकांना माहीत असते, म्हणून. पुढे ते चीनमधल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणले जाऊ लागले. २४ ऑक्टोबर २०२० रोजी शांघायमध्ये बड्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर त्यांनी भाषण केले. चिनी बँका अजून सावकारी गहाणवटीच्या मानसिकतेत अडकल्या आहेत, असे म्हटले आणि नियम करणाऱ्यांवरही टीका केली. त्यांच्या अँट या कंपनीचे शेअर ५ नोव्हेंबरला बाजारात येणार होते. जवळपास ३७ अब्ज डॉलर उभे राहणार होते. जगात तोवर कधी झाली नव्हती एवढी मोठी विक्री. २ नोव्हेंबरला अधिकाऱ्यांनी त्यांना बोलावून घेतले. ३ नोव्हेंबरला विक्री थांबवली.

त्यानंतर सुमारे तीन महिने जॅक मा कुठेच दिसले नाहीत. २० जानेवारी २०२१ रोजी दिसले ते एका व्हिडिओत, खेड्यातल्या शिक्षकांशी बोलताना. मी शिक्षिका असल्यामुळे असेल, पण या तपशिलापाशी मी थांबले. एवढ्या बलाढ्य माणसाला पुन्हा लोकांसमोर यायला शाळामास्तरांचाच आधार घ्यावासा वाटला. एप्रिलमध्ये अलिबाबाला १८.२ अब्ज युआनचा दंड झाला. बाजारातली मक्तेदारी वापरून दुकानदारांवर जबरदस्ती केल्याचा ठपका होता. तो ठपका काही खोटा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. दुकानदारांना 'आमच्याकडेच विका, दुसरीकडे नको' असे बजावणारी कंपनी ती. पण ही दांडगाई आधीपासून चालू होती आणि तिची खरी झडती सुरू झाली ती भाषणानंतर.

मग आली जुलै २०२१. सरकारने शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर नफा कमावायला बंदी केली. कोचिंगचा प्रचंड धंदा एका आदेशाने कोसळला. हे वाचताना पहिली प्रतिक्रिया म्हणून मला बरेच वाटले. आपल्याकडे गरीब आईबाप दागिने गहाण ठेवून कोचिंगची फी भरतात, ते मी रोज पाहते. म्हटले, वा! मग पुढचे वाचले. न्यू ओरिएंटल ही तिथली नावाजलेली शिकवणी संस्था. तिचे संस्थापक यु मिनहाँग हेही एकेकाळचे शिक्षक. त्यांना ६० हजार लोकांना कामावरून काढावे लागले. बंद केलेल्या वर्गांतली जवळपास ८० हजार बाके-खुर्च्या त्यांनी खेड्यातल्या शाळांना देऊन टाकली. उरलेले शिक्षक इंटरनेटवर थेट प्रक्षेपणात मक्याची कणसे आणि मांस विकू लागले, आणि विकता विकता इंग्रजी शब्द शिकवू लागले. ते प्रचंड लोकप्रिय झाले, ही वेगळी गोष्ट. पण त्या ६० हजारांत माझ्यासारखे किती असतील, घरभाडे भरणारे, मुलांची फी भरणारे? आदेश निघाला तो श्रीमंत मालकांना वेसण घालायला. मालक टिकले. आणि परीक्षा तशीच राहिल्यामुळे ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी चोरून घरी शिक्षक ठेवले. त्याची फी आधीपेक्षा वाढली.

याच उन्हाळ्यात पाळी आली खेळांची. ३ ऑगस्ट २०२१ ला शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेच्या एका आर्थिक दैनिकाने ऑनलाइन खेळांना 'मनाची अफू' म्हटले. त्या एका लेखाने टेन्सेंटचा शेअर त्या दिवशी एका वेळी दहा टक्क्यांहून अधिक खाली गेला.

चीनमध्ये अफू हा शब्द साधा नाही. १८३९ ते १८४२ या काळात इंग्रजांनी चीनवर युद्ध लादले ते अफूच्या व्यापारासाठी, आणि तेव्हापासूनचे शंभर वर्ष तिथे अपमानाचे शतक म्हणून शिकवले जाते. ती अफू जायची आपल्या देशातून. माळव्यातली अफू मुंबई बंदरात चढायची. मुंबईतले सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पेढीने या चीन व्यापारात अमाप पैसा मिळवला, आणि त्यांच्या भागीदारांत मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान व्यापारीही होते. आपल्या समाजाच्या इतिहासातले हे पान आपण फारसे उघडत नाही. सांगायचे ते एवढेच की चिनी माणसाच्या कानाला 'अफू' म्हटले की पुढे बंदीच ऐकू येते.

टेन्सेंटने त्याच दिवशी मुलांसाठी नवी बंधने जाहीर केली. तो लेख काही तासांत हटवला गेला आणि मवाळ होऊन परत आला. पण दिशा ठरली होती. १७ ऑगस्टला अध्यक्ष शी चिनपिंग यांनी सर्वांच्या समान समृद्धीची भाषा केली, अति उत्पन्नाला आळा घालण्याचे बोलले. दुसऱ्याच दिवशी टेन्सेंटने समाजकार्यासाठी ५० अब्ज युआन जाहीर केले. एप्रिलमध्ये तेवढेच आधी जाहीर केले होते. सप्टेंबरच्या सुरुवातीला अलिबाबाने १०० अब्ज युआन देण्याचे कबूल केले. खैरात मनापासून दिली की घाबरून दिली, हे देणाऱ्यालाच ठाऊक. पण तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

आणि ३० ऑगस्टला तो नियम आला, ज्याची बातमी त्या आईच्या कानावर पोहोचली होती. १८ वर्षांखालच्या मुलांना ऑनलाइन खेळ फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्यांना. वेळ रात्री आठ ते नऊ. १ सप्टेंबरपासून लागू. आधीच्या, म्हणजे २०१९ च्या नियमात शाळेच्या दिवशी दीड तास आणि सुट्टीला तीन तास होते. खेळायला शिरताना सरकारी ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, तो सरकारी यंत्रणेत तपासला जातो. शंका आली तर फोनचा कॅमेरा चेहरा तपासतो. नऊ वाजले की खेळ बंद. अर्धवट राहिला तरी बंद. आईने ओरडायची गरज नाही.

त्याचा परिणाम झाला का? टेन्सेंटने नंतर आकडा दिला. देशातल्या तिच्या खेळांवर खर्च होणाऱ्या एकूण वेळात १८ वर्षांखालच्यांचा वाटा सप्टेंबर २०२० मध्ये ६.४ टक्के होता, तो सप्टेंबर २०२१ मध्ये ०.७ टक्क्यावर आला. ऐकायला फार छान. पण हा आकडा नोंदणीवरचा आहे. ज्या खात्यावर मोठ्या माणसाचे नाव, तो खेळणारा मोठा माणूस, असा हिशोब. त्याच महिन्यात एक बातमी चीनभर गाजली. साठ वर्षांच्या एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्याने पहाटे तीनला अतिशय कठीण असा पराक्रम केला होता! लोकांना संशय की हा नातवाचा उद्योग. कंपनी म्हणाली, आमच्या चेहरा-तपासणीत खाते बरोबर आले. बरोबर येणारच. आजीचा चेहरा खराच होता, फोनसमोर कोणी धरला एवढाच प्रश्न!

चीनच्या खेड्यांत लाखो मुले आजी-आजोबांजवळ वाढतात, कारण आईबाप कामाला दूरच्या शहरात असतात. आजीला नातवाचा लळा, त्याच्या फोनमधले तिला काही कळत नाही आणि तो म्हणेल तिथे ती बघते. हे वाचताना मला रत्नागिरी-रायगडमधली आपली घरे दिसली. अब्बू आखातात, घरात दादी, आणि दादीचा जीव नातवावर. चिनी सरकारचा हात सर्वांत श्रीमंत माणसाच्या गळ्यापर्यंत पोहोचला. या आजीपर्यंत पोहोचला नाही.

२०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात एक अभ्यास आला. २०१९ च्या नियमाआधी आणि नंतर चिनी लोकांनी खेळलेल्या सात अब्जांहून अधिक तासांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. अति खेळणाऱ्यांचे प्रमाण घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्या नोंदींत मुले आणि मोठी माणसे वेगळी काढता येत नव्हती, आणि २०२१ चा कडक नियम त्या अभ्यासात नव्हता, हे ध्यानात ठेवून वाचावे. तरीही एवढ्या मोठ्या बंदोबस्तानंतर असा निकाल यावा, याने मी तरी विचारात पडले.

आणि मग वारे फिरू लागले. डिसेंबर २०२३ मध्ये खेळांतल्या खर्चावर मर्यादा घालणारा मसुदा सरकारने जाहीर केला. एका दिवसात टेन्सेंट आणि नेटइज या दोन कंपन्यांचे मिळून सुमारे ८० अब्ज डॉलर बाजारमूल्य उडाले. महिन्याभरात तो मसुदा सरकारी संकेतस्थळावरून गुपचूप नाहीसा झाला. अर्थव्यवस्था मंदावली होती, आता गुंतवणूकदारांना घाबरवून चालणार नव्हते. ऑगस्ट २०२४ मध्ये 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा चिनी खेळ आला, वानरराजाच्या जुन्या कथेवर बेतलेला. तीन दिवसांत त्याच्या एक कोटी प्रती खपल्या. सरकारी माध्यमांनी त्याचे कौतुक केले, चिनी संस्कृती जगभर पोहोचवली म्हणून. तो बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक पूर्वी टेन्सेंटमध्येच खेळ बनवत होते. तीन वर्षांपूर्वीची अफू आता देशाची शान झाली.

१७ फेब्रुवारी २०२५ ला शी चिनपिंग यांनी बड्या उद्योजकांची बैठक घेतली. पहिल्या रांगेत जॅक मा बसले होते. टेन्सेंटचे मा ह्वाथंगही होते. दूरदर्शनवर सगळ्यांनी ते पाहिले. ज्याला चार वर्षे बाजूला बसवले त्याला पुन्हा रांगेत बसवले. त्याला बाजूला काढताना कोणी न्यायालयात गेले नाही, परत बसवतानाही नाही.

मला इथे त्या आईचे म्हणणे पुन्हा आठवते. श्रीमंताला कोणीतरी जाब विचारला की आपल्याला समाधान वाटते. त्यात लपवण्यासारखे काही नाही. मुलांच्या झोपेवर अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांना लगाम हवाच, असे मी आजही म्हणेन. पण लगाम घालणारा हात जर कोणालाच बांधलेला नसेल, तर तो आज कंपनीवर पडतो, उद्या शिकवणीच्या मास्तरावर, परवा कौतुकाने त्याच कंपनीच्या पाठीवर. मुलाच्या खेळाची वेळही त्या हाताच्या मर्जीनुसार कमी-जास्त होते. या सगळ्या काळात चिनी आईबापांना कोणी विचारले नाही. आधी कंपनीने त्यांना 'शिकण्याचे यंत्र' विकले. मग सरकारने त्यांच्या वतीने ते बंद केले. मधल्या मधे त्या घरांत 'बेटा, आता पुरे' असे म्हणायची आणि मुलाने रुसायची, आईकडे अपील करायची जी सवय लागायला हवी होती ती किती घरांत लागली असेल?

पुढच्या पालकसभेला ती आई आली, तेव्हा मी तिला हे सगळे थोडक्यात सांगितले. तिने जॅक मा वगैरे शांतपणे ऐकून घेतले. आजीच्या चेहऱ्याची गोष्ट मात्र तिने पुन्हा सांगायला लावली आणि तोंडाला पदर लावून हसू लागली.

"टीचर," ती म्हणाली, "आमच्याकडं तर चेहरा दाखवायचीपण गरज नाही. सासूबाईच त्याला म्हणतात, घे रे बाबा, माझा फोन घे, तुझ्या अम्मीला सांगू नको."

मग थोडी गंभीर झाली. म्हणाली, "या शुक्रवारी त्यांच्याशीच बोलते. पोराशी नंतर."